पाटे वाढवले म्हणून पासिंग वाढत नाही



१ ऑगस्टला बंदी उठते. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस होड्या वर असतात, तेव्हा जाळी सांधणं, इंजिन उघडणं, होडीला रंग काढणं आणि गाडीची कामं उरकली जातात. यंदा गाडीच्या कामात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय आहे. पिकअपला मागे पाटे वाढवायचे. कोणी एक सांगतो, कोणी दोन, कोणी म्हणतो टिपरचाच जाड पाटा बसवतो, मग साठ क्रेट घातले तरी गाडी बसायची नाही.

गाडी बसायची नाही हे खरं आहे. पण गाडी बसत नाही म्हणजे ती वजन पेलते, हा हिशेब चुकीचा आहे. हे लिहिल्यावर काही जण माझ्यावर रागावतील याची कल्पना आहे. तरी हंगाम सुरू व्हायच्या आधी बोललेलं बरं. सप्टेंबरात बांगडा लागला की कोणाला ऐकायला वेळ नसतो.

आधी आपलं वजन बघूया. मासळीवाला क्रेट मोजतो, किलो मोजत नाही. एका क्रेटात पंचवीस किलो मासळी धरा, वर दहा-बारा किलो बर्फ आणि क्रेटचं स्वतःचं वजन. म्हणजे सदतीस-अडतीस किलो झाले. असे पन्नास क्रेट चढवले की १९०० किलो होतात. गाडीचं पासिंग १.३ टनाचं, म्हणजे १३०० किलो. सहाशे किलो जास्त, आणि अजून वर ताडपत्री, दोरखंड, कधी कधी दोन पोरं बसलेली. मालाच्या हौद्यात माणसं बसवायला कायद्याची परवानगी नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे बसवतात, तो विषय वेगळा लिहीन. ओलं जाळं नेताना तर हिशेबच नसतो. सुकं जाळं दोघांनी उचललं असेल तर ओलं उचलायला चौघे लागतात, गाडीला मात्र आपण तेच जाळं समजतो.

ज्यांनी इन्सुलेटेड बॉडी बसवली त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारातलं फॉर्मलिनचं प्रकरण झालं. त्यानंतर त्याच वर्षी बाहेरून येणाऱ्या मासळीच्या गाड्यांना इन्सुलेशन आणि एफडीए नोंदणीची अट आली, आणि पत्रादेवीला सिंधुदुर्गच्या आपल्याच भावाबंदांच्या गाड्या अडल्या. तेव्हापासून बंद पेटीच्या गाड्या वाढल्या. मासळीसाठी चांगलंच झालं. पण ती पेटी काहीशे किलोंची असते, आणि ते वजन मालातून वजा होतं. गाडीचं एकूण वजन आरसीवर जितकं लिहिलंय तितकंच राहतं. पेटी जड झाली की मासळी तितकी कमी भरायची, हे विकणारा सांगत नाही. मग पेटी बसवल्यावर गाडी मागे झुकलेली दिसते आणि माणूस पाटे वाढवायला धावतो.

आता पाट्याचं काम काय ते बघा. पाटे म्हणजे स्प्रिंग. वजन पडलं की वाकायचं, उठलं की सरळ व्हायचं, खड्ड्याचा हिसका चासीपर्यंत जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. साध्या भाषेत, ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा घातला तर तो पाव हिश्श्याने कडक होत नाही, जवळजवळ दुप्पट होतो. त्यामुळे जाड पाटा टाकला की मागची बाजू एकदम वर येते आणि मालकाला वाटतं काम झालं.

पण वजन पाट्यांवर संपत नाही. पाटे ते वजन अॅक्सलवर देतात, अॅक्सल बेअरिंगला देतं, बेअरिंग हबला, हब रिमला आणि रिम टायरला. ती साखळी तुम्ही एकाच कडीत जाड केली, बाकी कड्या होत्या तशाच. टायरच्या कडेला एक आकडा कोरलेला असतो, लोड इंडेक्स. १०० असेल तर तो एक टायर ८०० किलोपर्यंतचा, ११२ असेल तर ११२० किलोपर्यंतचा, तोसुद्धा हवा पूर्ण असेल तर. म्हणजे ११२ चे दोन टायर मागे असतील तर मागच्या अॅक्सलवर २२४० किलोच्या वर एक किलोसुद्धा जाता कामा नये, आणि त्यात गाडीच्या मागच्या भागाचं स्वतःचं वजन धरलेलं आहे. पाटे वाढवल्यावर टायरवरचा आकडा बदलत नाही. ऑक्टोबरच्या दुपारी, तापलेल्या डांबरावर, हवा कमी असलेला टायर जास्त वजनाने आतून तापतो आणि फुटतो. मग आपण म्हणतो टायर डुप्लिकेट होता.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ब्रेकची आहे, आणि ती मी बऱ्याच जुन्या ड्रायव्हरांनाही माहीत नसलेली पाहिली. गाडीखाली वाकून मागच्या अॅक्सलजवळ बघा. बऱ्याच पिकअपना तिथे एक छोटा व्हॉल्व्ह असतो, चासीला लावलेला, आणि त्याची एक दांडी किंवा स्प्रिंग अॅक्सलला जोडलेली असते. त्याला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह म्हणतात. गाडी रिकामी असली की चासी वर असते, तेव्हा तो मागच्या ब्रेकला दाब कमी सोडतो, नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. माल भरला, चासी खाली बसली, की तो मागे जास्त दाब सोडतो. म्हणजे गाडी किती बसली यावरून त्याला कळतं किती माल आहे. दुसरं काही मोजायचं साधन त्याच्याकडे नाही.

आता तुम्ही पाटे वाढवले. दोन टन माल भरला तरी गाडी बसली नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. तो मागचा ब्रेक कमी देतो, आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. माल दुप्पट, ब्रेक निम्मा, अशी ती गत. ज्या मेस्ताने पाटे वाढवले त्याने त्या दांडीला हात लावला का, हे एकानेही विचारल्याचं माझ्या कानावर नाही. काही गाड्यांची तर ती दांडी तुटून लोंबकळत असते आणि कोणीतरी तारेने बांधून ठेवलेली असते.

चोर्ला घाटातून बेळगावला माल नेणारे आपल्यात आहेत. गाडी थांबवायला जी ताकद लागते ती वजनाच्या पटीत वाढते, आणि ती सगळी उष्णता होऊन ब्रेक ड्रममध्ये जाते. उतारावर ड्रम तापले की पेडल दाबत राहिलं तरी गाडी धरत नाही. परतीच्या वाटेवर, रिकाम्या हौद्याने, उलटा त्रास. वाढवलेले पाटे रिकाम्या गाडीला वाकतच नाहीत. खड्ड्यावर मागची चाकं उडतात, ओल्या रस्त्यावर वळणाला गाडीचा मागचा भाग बाजूला सरकतो. पेडण्याहून म्हापशाला जाताना एक फेरी भरलेली असते आणि एक रिकामी. म्हणजे निम्मा रस्ता आपण त्या कडक पाट्यांवर रिकामेच काढतो. जी पोरं पहाटे माल पोचवून झोपेने डोळे मिटत परत येतात, त्यांच्या वाटणीला ही रिकामी फेरी येते.

अजून एक सवय आहे. क्रेट मागच्या फळीपर्यंत लावायचे आणि फळी उघडी ठेवून त्यावरही दोन ओळी. पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमध्ये तीन मीटर अंतर धरा. मागच्या अॅक्सलच्या एक मीटर मागे ३०० किलो ठेवले तर मागच्या अॅक्सलवर ३०० नाही, ४०० किलो येतात, आणि पुढच्या चाकांवरचे १०० किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळे. मूळचे पाटे असतील तर गाडी मागे झुकून नाक वर करते, हेडलाइट झाडांवर पडतो, ड्रायव्हरला कळतं की काहीतरी चुकलं. पाटे वाढवले की तो इशाराही बंद होतो. गाडी झुकते हा तिचा दोष नाही, ती आपल्याला काहीतरी सांगत असते.

डिचोली, साखळीकडच्या मेस्तांना मी नावं ठेवत नाही. पाट्याच्या कामात त्यांचा हात बसलेला आहे, कारण खनिजाच्या टिपरांनी त्यांना ते काम वर्षानुवर्षं दिलं. सप्टेंबर २०१२ ला खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालू होऊन मार्च २०१८ ला पुन्हा थांबल्या, तोवर सारमानसच्या धक्क्यापर्यंत खनिज नेणाऱ्या गाड्यांचे पाटे तुटायचे आणि जोडले जायचे. पण टिपरची चासी वेगळी, त्याच्या मागच्या अॅक्सलला चार टायर. त्या गाडीला जे जमलं ते पिकअपला जमेल असं धरून चालू नका. शिवाय त्या टिपरांच्या जादा भाराने रस्त्यांचं आणि माणसांचं काय झालं ते डिचोलीकरांना विचारा, मी सांगायची गरज नाही.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण सोसायटीकडे दंडाच्या पावत्या घेऊन येणारे आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली. कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च मालकाचा. मासळी भर उन्हात रस्त्यावर उतरवली तर ती कोण विकत घेणार? कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या गोष्टी मालकाने मनाने बदलायच्या नाहीत, आणि नियमाबाहेर बदल केला तर कलम १८२अ खाली दर बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड एक वेळ भरता येतो. अपघातात सर्व्हेअर गाडीखाली वाकला आणि वाढीव पाटे दिसले की इन्शुरन्सचा दावा लांबतो, ते जास्त महाग पडतं.

मग पाट्यांना हातच लावायचा नाही का? तसं मी म्हणत नाही. पाच-सहा वर्षांच्या गाडीचे पाटे दमतात, त्यांची गोलाई जाते, पासिंगइतक्या मालालाही गाडी बसते. तिथे दुरुस्ती हवीच. कंपनीच्या मापाचे, तेवढ्याच संख्येचे नवे पाटे घाला. जुन्या पाट्याला गॅसने लाल करून ठोकून गोलाई देणारे आहेत, ते करू नका. त्या आचेने पोलादाचं पाणी उतरतं आणि महिन्याभरात पाटा पुन्हा सपाट होतो, किंवा त्याच जागी मोडतो. वेल्डिंग केलेला पाटा तर घरात विळा करायलाही नको. यू-बोल्ट दर वेळी नवे घ्या, आणि दोन-तीनशे किलोमीटर चालवल्यावर पुन्हा आवळून घ्या, कारण नवे पाटे एकमेकांवर बसले की बोल्ट सैल होतात. सेंटर बोल्ट तुटला तर अॅक्सल सरकतं आणि गाडी तिरकी पळते. बुश आणि शॉकअप त्याच वेळी बघून घ्या. पासिंगच्या आतच माल भरत असाल आणि तरी गाडी थोडी झुकत असेल, तर कंपनीने त्या मॉडेलला दिलेला हेल्पर पाटा असेल तो बसवता येतो. तो रिकाम्या गाडीला लागत नाही, माल पडला की मगच टेकतो. कुठलंही काम केलं तरी त्या ब्रेकच्या व्हॉल्व्हची दांडी मेस्ताकडून समोर उभं राहून सेट करून घ्यावी.

आपल्या गाड्यांचे पाटे लवकर मोडतात याचं अर्धं कारण वजन आहे आणि अर्धं कारण मीठ. बर्फ वितळला की खारं पाणी हौद्याच्या फटींतून थेट पाट्यांवर, ब्रेकच्या पाइपवर आणि चासीवर गळतं. गंजाचा बारीक खड्डा पडला की पाटा वाकताना चीर तिथूनच सुरू होते. हौद्याच्या तळाला उतार देऊन पाणी एका नळीने मागे काढा आणि धक्क्यावर, गटारात सोडा. रस्त्यावर गळणाऱ्या त्या पाण्याने स्कूटरवाले घसरतात, तेही थांबेल. माल उतरवल्यावर गाडीच्या पोटाला गोडं पाणी मारा, फक्त बोनेटला नको. आपण होडीला जेवढं जपतो त्याच्या चौथाई जरी गाडीच्या पोटाला जपलं तरी पाटे टिकतील.

आता खरा मुद्दा. जास्त माल भरतो कोण आणि का? पिकअपवाला हौसेने भरत नाही. भाडं फेरीवर ठरतं, किलोवर नाही. होडीमालकाला वाटतं एकाच फेरीत जाऊ दे, व्यापाऱ्याला वाटतं सकाळी पहिला माल आपला पोचू दे. दुसऱ्या फेरीचा खर्च कोणी द्यायचा यावर कोणी बोलत नाही, म्हणून तो खर्च पाट्यांवर, टायरवर आणि ड्रायव्हरच्या जिवावर टाकला जातो. हरमल किंवा केरीहून चोपडे-शिवोलीच्या पुलावरून म्हापशाला जाऊन येणं म्हणजे पन्नासेक किलोमीटर. पिकअपला चार-साडेचार लिटर डिझेल, म्हणजे चारशे रुपयांच्या आसपास. पन्नास क्रेटवर वाटला तर क्रेटमागे आठ रुपये येतात. आठ रुपयांसाठी आपण ब्रेक पणाला लावतो.

माझं मत स्पष्ट आहे. हंगामात माल दोन टनांचा असतो असं ज्यांना दर आठवड्याला दिसतं, त्यांनी १.३ टनाच्या गाडीला पाटे घालत बसू नये. त्यांनी दोन फेऱ्या कराव्या, नाहीतर दोघा-तिघांनी मिळून मोठी गाडी घ्यावी. दोन टन पासिंगच्या पिकअप आता बाजारात आहेत. टाटाची योद्धा २.० सप्टेंबर २०२२ मध्ये आली, महिंद्राची बोलेरो मॅक्स एचडी २.० त्याच्या पुढच्या वर्षी. त्यांना दोन टनांचं पासिंग मिळालं ते पाटे जास्त आहेत एवढ्यावरून नाही, कंपनीने अॅक्सल, टायर आणि ब्रेक यांचा एकत्र हिशेब केलेला असतो. बंद पेटीच्या गाडीसाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य ठेवलेलं आहे. घरातल्या बायकांच्या नावाने अर्ज का करत नाही, हा प्रश्न मी गेल्या सभेतही विचारला होता. विक्रीचं अर्धं काम त्याच करतात, गाडी त्यांच्या नावावर असायला हरकत काय?

काही सभासद म्हणतील, सेक्रेटरी कचेरीत बसून लिहितो, माल सडला तर त्याचं काय जातं. माल सडू नये हेच मलाही हवंय. पण भरलेली गाडी कोलवाळच्या पुलाअलीकडे टायर फुटून तासभर उभी राहिली तर तो माल सडतोच. दोन फेऱ्यांत पोचलेला माल उशिरा पोचतो, तरी पोचतो.

एक काम मात्र ३१ जुलैच्या आत प्रत्येकाने करावं. रिकामी गाडी एकदा वजनकाट्यावर न्या, पेटी, जॅक, स्टेपनी, दोर सगळं घेऊन. मग आरसीवरच्या एकूण वजनातून तो आकडा वजा करा. उरेल तेवढाच तुमचा माल, त्यात बर्फ आणि क्रेट आले. त्याला अडतीसने भागलं की किती क्रेट चढवायचे ते कळेल. तो आकडा रंगाने हौद्याच्या आतल्या बाजूला लिहा, म्हणजे भरणाऱ्या पोरांना विचारावं लागणार नाही आणि व्यापाऱ्याशी वाद घालताना बोट दाखवता येईल. पहिल्या मोठ्या फेरीला फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन मागच्या अॅक्सलचं वजनही बघा आणि टायरवरच्या आकड्याशी ताडून घ्या.

ज्यांना आरसीवरचे आकडे किंवा टायरवरचा लोड इंडेक्स लागत नाही, त्यांनी गाडीसकट सोसायटीच्या कचेरीत यावं. सकाळी दहा ते एक मी असतो. ज्यांनी पाटे आधीच वाढवलेत त्यांनीही या, कोणाला ओरडणार नाही. त्या व्हॉल्व्हची दांडी जाग्यावर आहे की नाही एवढं तरी आपण दोघं वाकून बघू.